रेडिएटर बदलल्यावर कूलिंग सिस्टिममधली हवा कशी काढायची

रेडिएटर बदलणं हे तसं फार अवघड काम नाही. दोन होस पाईप, फॅनचे बोल्ट, खालची रबरं, झालं. गाडी तापते ती त्यानंतर. कूलंट गळ्यापर्यंत भरलेलं दिसतं, झाकण नीट लावलेलं असतं, आणि दहा-पंधरा किलोमीटरवर काटा चढायला लागतो. मग नवा रेडिएटरच खराब निघाला, वॉटर पंप गेला, हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरच्या सिलिंडर हेडमधलं सील) उडालं अशा शंका सुरू होतात आणि एकदोन धडधाकट पार्ट उगाच बदलले जातात. बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते, एवढंच. ती काढायला तासभर लागतो. त्यात इंजिन गार होऊ देण्याचा वेळ धरलेला नाही, आणि नेमका तो वेळ वाचवायला गेलं की काम फसतं.

खालची माहिती आपल्याकडच्या नेहमीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना धरून आहे. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी पद्धत दिली असेल, तर मॅन्युअलचं ऐकायचं.

हवा आत काय करते

वॉटर पंपाचं काम पात्यांनी पाणी बाहेर फेकण्याचं. पात्यांभोवती पाणी असेल तोवरच तो दाब तयार करतो. विहिरीवरच्या मोटरीने हवा धरली की ती नुसती फिरते आणि पाणी चढत नाही, तसंच इथे होतं. पंप फिरतोय, बेल्ट ठीक आहे, पण कूलंट जागचं हलत नाही.

दुसरी धोक्याची जागा सिलिंडर हेड. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूचा भाग इंजिनात सगळ्यात जास्त तापतो. तिथे कूलंटऐवजी हवेचा किंवा वाफेचा कप्पा राहिला तर धातूची उष्णता उचलायला काहीच उरत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं हेड अशाने वाकतं, आणि हवेपायी खरोखरच हेड गॅस्केट उडतं.

तिसरी गोष्ट फसवी आहे. तापमानाचा सेन्सर हवेच्या कप्प्यात सापडला तर तो प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवतो. काटा निम्म्यावर, फॅन बंद, आणि आत हेड भाजत असतं. काटा अचानक वर जातो, पुन्हा खाली येतो, परत वर जातो, असा झोका दिसला तर सेन्सरवरून आळीपाळीने कूलंट आणि वाफ जातेय असं समजा. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत काटाच नसतो. निळा दिवा विझला म्हणजे इंजिन तापलं आणि लाल लागला म्हणजे उशीर झाला. अशा गाडीवर हे काम करताना ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायच्या जागी) लावायचा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर घ्या आणि मोबाईलवर तापमान आकड्यात बघा. अंदाजाने काम करण्यापेक्षा हा खर्च परवडतो.

रेडिएटर बदलतानाच एवढी हवा का शिरते? खालचा होस सुटला की रेडिएटर रिकामा होतोच, पण इंजिन ब्लॉकमधलंही बरंचसं पाणी उतरतं. नंतर वरून भरताना थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, बंद असतो, कारण इंजिन गार आहे. थर्मोस्टॅट हेडमधून कूलंट बाहेर पडण्याच्या तोंडाशी असेल तर त्याच्या खालची हवा तिथेच कोंडून राहते. रेडिएटर वरून काठोकाठ भरलेला दिसतो आणि इंजिनाचा वरचा भाग कोरडा असतो. यासाठीच बऱ्याच थर्मोस्टॅटच्या चकतीत एक बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन ठेवलेली असते. हवा त्या भोकातून निसटते. थर्मोस्टॅट नवीन बसवला असेल तर ही पिन वरच्या बाजूला, घड्याळातल्या बाराच्या जागी, आली पाहिजे. खाली आली तर तिचा काही उपयोग नाही.

आधी सिस्टिम ओळखा

झाकण कुठे आहे ते बघा. रेडिएटरच्या डोक्यावर धातूचं झाकण आणि बाजूला एक साधी प्लास्टिकची बाटली, तिला बारीक रबरी नळी, ही जुनी आणि आपल्याकडे अजून भरपूर दिसणारी रचना. बाटलीत दाब नसतो. ती फक्त सांडलेलं कूलंट सांभाळते आणि इंजिन गार झाल्यावर परत देते.

दुसऱ्या रचनेत रेडिएटरला झाकणच नसतं. जाड प्लास्टिकची टाकी वर बसवलेली असते, तिला आट्यांचं झाकण आणि दोन किंवा तीन नळ्या. ही टाकी दाबाखाली असते आणि सिस्टिमचा भाग असते. एक बारीक नळी रेडिएटरच्या किंवा हेडच्या वरच्या टोकाकडून तिच्यात येते आणि हवा सतत टाकीत आणून सोडते. खालची जाड नळी कूलंट परत पंपाकडे नेते.

दोन्हींत हवा काढायची रीत वेगळी आहे. पहिल्या प्रकारात तुम्हाला हवा काढावी लागते. दुसऱ्यात ती बरीचशी आपोआप निघते, फक्त वाट मोकळी हवी.

याशिवाय ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, आहे का ते शोधा. तो थर्मोस्टॅटच्या घरावर, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात किंवा फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीजवळ) हीटरच्या होसवर असतो. युरोपीय धाटणीच्या इंजिनांत तो बऱ्याचदा सापडतो. काही ठिकाणी एकापेक्षा जास्त असतात.

भरण्याआधी

इंजिन पूर्ण गार असताना सुरुवात करा. वरचा होस हाताला साध्या हवेइतका गार लागला पाहिजे. तापलेल्या सिस्टिममध्ये कूलंट ११० अंशांपर्यंत असू शकतं आणि केवळ दाबामुळे उकळायचं थांबलेलं असतं. झाकण उघडलं की दाब जातो, सगळं एका झटक्यात उकळतं आणि तोंडावर येतं. फडकं धरून हळूच उघडणं हा त्यावरचा उपाय नाही. थांबणं हाच आहे.

नव्या रेडिएटरच्या तोंडांवर प्लास्टिकची बुचं असतात. बारीक नळीच्या तोंडातलं बूच काढायचं राहून गेल्याची उदाहरणं पुष्कळ. तेवढ्याने हवेची वाट बंद होते. खालच्या ड्रेन प्लगची ओ-रिंग जागेवर आहे ना बघा आणि प्लग हाताने आवळा. पान्याने आवळला की प्लास्टिकची टाकी तडकते. होसवरच्या क्लिपा जुन्याच खुणेवर बसवा. स्प्रिंगच्या मूळ क्लिपा चांगल्या असतील तर त्या काढून जुबली (स्क्रूने आवळायच्या) क्लिपा लावू नका. स्प्रिंगची क्लिप रबर दबेल तशी आपोआप घट्ट राहते, जुबली क्लिप दर काही महिन्यांनी आवळावी लागते. इथे एक बारकावा आहे. पंपाच्या ओढीच्या बाजूचा, म्हणजे खालचा होस ढिला असेल तर तो थेंबभरही गळत नाही, पण इंजिन चालू असताना हवा आत ओढू शकतो. हवा काढली तरी पुन्हा येते असं झालं, तर ही क्लिप आधी तपासा.

ऑटोमॅटिक गाडीत रेडिएटरच्या खालच्या टाकीतून गिअरबॉक्सच्या तेलाच्या नळ्या जात असतील तर त्या सुटल्यामुळे तेल कमी झालेलं असतं. कूलंटच्या नादात ते विसरू नका.

झाकणही तपासा. त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा, स्प्रिंगचा, ठरावीक दाबाला उघडून जादा कूलंट बाटलीत सोडतो. मधला छोटा इंजिन गार होताना उघडून तेच कूलंट परत आत ओढू देतो. मधली चकती बोटाने ओढून सोडा, ती पटकन परत बसली पाहिजे. रबर चिरलेलं असेल तर झाकण बदला, पण त्याच दाबाचं घ्या. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा, साधारण बारमध्ये. छोटा व्हॉल्व्ह अडकला असेल तर गार झाल्यावर वरचा होस चपटा होतो. ती खूण लक्षात ठेवा.

किती आणि काय भरायचं

जुनं कूलंट काढताना ते बादलीत धरा आणि मापाच्या भांड्याने मोजा. हवा निघाली की नाही हे सांगणारा याच्याइतका सरळ पुरावा दुसरा नाही. ३.२ लिटर निघालं आणि २.५ लिटरच आत जातंय, तर ७०० मिलि जागा हवेने व्यापली आहे. सांडलेलं आणि काढलेल्या रेडिएटरमध्ये राहिलेलं धरून अंदाज करा. शे-दोनशे मिलिचा फरक चालतो, अर्ध्या लिटरचा चालत नाही.

छोट्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये एकूण क्षमता साधारण साडेतीन ते पाच लिटर असते, मधल्या सेडानमध्ये पाच ते सात, मोठ्या डिझेल गाड्यांत सात ते दहा किंवा थोडी वर. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. रेडिएटरमधून निघतं ते त्याच्या निम्मं ते दोनतृतीयांश. बाकीचं ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहतं, आणि त्यावरून एक हिशेब चुकतो. समजा क्षमता पाच लिटर. आतलं कूलंट साध्या पाण्याने धुऊन काढलं, दोन लिटर पाणी ब्लॉकमध्ये राहिलं. आता तयार ५०-५० मिश्रण (निम्मं कूलंट, निम्मं पाणी) तीन लिटर भरलं, तर आत कूलंटचा मूळ द्रव फक्त दीड लिटर गेला, म्हणजे ३० टक्के. धुतलं असेल तर तयार मिश्रण घेऊ नका. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्या, एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे अडीच लिटर, ते आधी ओता आणि उरलेली जागा पाण्याने भरा.

पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्डच हवं. पेट्रोल पंपावर आणि बॅटरीच्या दुकानात मिळतं ते बॅटरीचं पाणी चालतं, फक्त ते पाणीच आहे, अ‍ॅसिड नाही, हे लेबलवर वाचून घ्या. बोअरचं जड पाणी नव्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार साठवतं. मराठवाड्यात किंवा नगर-सोलापूरकडे किटलीच्या तळाशी जो पांढरा थर दिसतो, तोच रेडिएटरमध्ये बसणार.

कूलंटच्या रंगावर जाऊ नका. हिरवं, निळं, गुलाबी हा कंपनीने घातलेला रंग असतो. आतलं रसायन वेगळं असू शकतं, आणि दोन न पटणारी रसायनं मिसळली तर चिकट गाळ धरतो. गाडीच्या मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बाटलीवर छापलेलं आहे का ते बघा. आधी कुठलं होतं ते माहीत नसेल तर सगळं धुऊन नव्याने भरणं शहाणपणाचं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. बादली उघडी ठेवली तर कुत्री-मांजरं ते चाटतात. लहान मुलं असतील तर आणखी जपा.

गार इंजिनात भरणं

गाडी उघड्यावर घ्या. पुढे अर्धा-पाऊण तास इंजिन चालू राहणार आहे, बंद पार्किंगमध्ये धूर कोंडेल. हवा वर जाते, म्हणून झाकणाचं तोंड हे सगळ्या सिस्टिममधलं सर्वांत उंच ठिकाण व्हायला हवं. झाकण पुढे रेडिएटरवर असेल तर पुढची चाकं रॅम्पवर चढवा किंवा गाडी चढाकडे नाक करून उभी करा. दहा-पंधरा सेंटीमीटरही पुरतात. हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. टाकी फायरवॉलजवळ असेल तर पुढून उचलण्याने उलटंच होईल, तिथे गाडी सपाट ठेवा.

इग्निशन चालू करून हीटर पूर्ण गरमवर ठेवा. काही गाड्यांत यानेच हीटरकडे जाणारा व्हॉल्व्ह उघडतो. काहींत हीटरमधून कूलंट कायम फिरत असतं आणि आतली फक्त झडप हलते. तुमच्या गाडीत यातलं काय आहे ते माहीत नसलं तरी गरमवर ठेवल्याने बिघडत काही नाही. ब्लोअर सगळ्यात कमी वेगावर. जोरात ठेवला तर हीटर उष्णता खेचून घेतो आणि थर्मोस्टॅट उघडायला उगाच वेळ लागतो. एसी बंद.

ब्लीड स्क्रू असेल तर दोन-तीन आटे सैल करा. आता कूलंट बारीक धारेने ओता. घाईने ओतलं की खाली जाणारं कूलंट वर येणाऱ्या हवेची वाट अडवतं. लिटरला दोन-तीन मिनिटं द्या. मधूनच थांबून वरचा आणि खालचा होस हाताने दाबा आणि सोडा. पातळी खाली जाईल, बुडबुडे येतील, मग पुन्हा ओता. हे दहा-बारा वेळा करायचा कंटाळा आला तरी करा. पुढचं निम्मं काम इथेच होतं.

ब्लीड स्क्रूतून आधी नुसती हवा येते, मग फेस, मग तुटक धार. बुडबुड्यांशिवाय एकसंध धार आली की स्क्रू बंद करा, तोही हलक्या हाताने, कारण तो बहुधा प्लास्टिकचा किंवा पितळेचा असतो. दोन स्क्रू असतील तर खालचा आधी बंद होतो, वरचा नंतर.

रेडिएटर गळ्यापर्यंत भरला की बाटली दोन्ही खुणांच्या मध्ये भरा. तोंडावर घट्ट बसणारा उंच फनेल असेल तर काम फार सोपं होतं. त्यात अर्धा लिटर कूलंट ठेवलं की तेच सर्वांत उंच ठिकाण बनतं, हवा त्यातून निघते आणि तिची जागा कूलंट आपोआप घेतं.

इंजिन चालू करून

झाकण उघडं, फनेल लावलेला, इंजिन आयडलला. फॅनच्या पात्यांपासून बाह्या आणि ओढणी लांब ठेवा. इलेक्ट्रिक फॅन न सांगता सुरू होतो. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतील. आयडलला थर्मोस्टॅट उघडायला दहा ते वीस मिनिटं लागू शकतात. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतो. नेमका आकडा त्याच्या चकतीवर कोरलेला असतो.

थर्मोस्टॅट वरच्या होसच्या मुळाशी असेल तर तो होस बराच वेळ कोमट राहतो आणि मग मिनिटाभरात चटका बसण्याइतका तापतो. त्याच सुमाराला फनेलमधली पातळी एकदम खाली जाते आणि मोठे बुडबुडे येतात. अडकलेली मोठी हवा सुटण्याचा क्षण हाच, त्यामुळे कूलंट हाताशी ठेवा. नव्या इंजिनांपैकी अनेकांत थर्मोस्टॅट खालच्या होसच्या बाजूला, पंपाच्या तोंडाशी असतो. तिथे वरचा होस हळूहळू तापत जातो आणि खालचा गारच राहतो. खालचा तापला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. हे न कळल्यामुळे ‘खालचा होस गार आहे, म्हणजे रेडिएटर चोक आहे’ असं निदान भलत्या वेळी केलं जातं.

थर्मोस्टॅट उघडल्यावर इंजिन २००० ते २५०० आरपीएमवर वीस-तीस सेकंद धरा आणि सोडा. पंपाचा वेग वाढला की हीटर आणि हेडच्या कोपऱ्यातले फुगे उचलले जातात. रेस केल्यावर रेडिएटरमधली पातळी खाली जाते आणि सोडल्यावर वर येते. खाली गेली म्हणून घाईने भरलंत तर सोडल्याबरोबर सगळं बाहेर सांडेल. भरायचं ते आयडलला पातळी स्थिरावल्यावर. असं चार-पाच वेळा करा आणि मध्येच वरचा होस दाबा, हातमोजा घालून.

फॅन सुरू होऊन बंद झाला, पुन्हा सुरू होऊन बंद झाला, अशा दोन फेऱ्या झाल्या, आतल्या व्हेंटमधून खरोखर गरम हवा येतेय, दोन्ही होस तापलेत आणि बुडबुडे थांबलेत, म्हणजे बहुतेक हवा निघाली. इंजिन बंद करा, दोन मिनिटांनी फनेलचं बूच लावून तो काढा, रेडिएटर काठोकाठ असल्याचं बघा आणि झाकण दोन्ही खटक्यांपर्यंत लावा.

इथे एक घोटाळा वरचेवर होतो. झाकण उघडं असताना सिस्टिममध्ये दाब नसतो. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, पुण्यात सुमारे ९८ला, महाबळेश्वरला ९५-९६ला. बऱ्याच गाड्यांचा फॅन त्याच सुमाराला किंवा त्याच्या वर सुरू होतो. म्हणजे आत नुसतं पाणी असेल तर फॅन लागण्याआधीच गळ्यात उकळी दिसू शकते, आणि ती बघून ‘हेड गॅस्केट गेलं’ असा निकाल दिला जातो. ५०-५० मिश्रण दाबाशिवायही १०६-१०७ अंशांपर्यंत तग धरतं, आणि ०.९ बारच्या झाकणाखाली १२५ अंशांच्या आसपास. हवा काढायची ती कूलंट भरूनच, ‘आधी पाण्यावर चालवून बघू’ असं नको. उघड्या तोंडाने तापमान १०० च्या वर गेलं आणि फॅनने खाली येत नसेल तर इंजिन बंद करा, गार होऊ द्या आणि पुन्हा पहिल्यापासून.

दाबाची टाकी असलेल्या गाड्या

टाकी मॅक्सच्या खुणेपर्यंत भरा, होस दाबा, ब्लीड स्क्रू असतील तर त्यांची धार बघा. इंजिन सुरू करून झाकण उघडं ठेवून पाचेक मिनिटं आयडलला चालवा, पातळी उतरेल तशी भरा, मग झाकण लावा आणि फॅन दोनदा लागेपर्यंत तापवा. २५०० आरपीएमवर टाकीत येणाऱ्या बारीक नळीच्या तोंडातून कूलंटची धार पडताना दिसली पाहिजे. टाकीच्या पारदर्शक भिंतीतून किंवा टॉर्च लावून ती दिसते. धार नसेल तर ती नळी किंवा तिचं तोंड क्षाराने बुजलं आहे. नळी काढून तारेने आणि हवेने साफ करा. ती बंद असताना कितीही वेळ इंजिन चालवलं तरी हवा जाणार नाही. टाकी मॅक्सच्या वर भरू नका. वरची रिकामी जागा कूलंट फुगण्यासाठी ठेवलेली असते.

इलेक्ट्रिक वॉटर पंपाच्या गाड्यांत इंजिन न चालवता पंपच फिरवून हवा काढण्याची सोय असते. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांत इग्निशन चालू, हीटर कमाल, ब्लोअर किमान ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दहा सेकंद पूर्ण दाबला की पंप सुमारे बारा मिनिटं स्वतः फिरतो. हायब्रिडमध्ये इन्व्हर्टरचं कूलिंग बहुतेकदा वेगळं असतं, टाकीही वेगळी. त्यातली हवा काढायला अनेकदा स्कॅनर लागतो. ते काम घरी करू नये.

गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर असेल तर व्हॅक्यूम फिलर हा सर्वांत खात्रीचा मार्ग. रिकाम्या सिस्टिममधली हवा ओढून सुमारे ०.८ ते ०.९ बारची पोकळी करायची, दहा मिनिटं काटा स्थिर राहतो का बघायचं आणि मग कूलंट आत खेचू द्यायचं. काटा पडला तर कुठेतरी गळती आहे, ती कूलंट सांडण्याआधीच कळते. होस चपटे होतात, त्याने घाबरू नका.

दुसऱ्या दिवशी

गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी चावी फिरवण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडा. पातळी गळ्याला असली पाहिजे. बाटलीतली पातळी कालच्यापेक्षा कमी दिसणं चांगलंच आहे, गार होताना सिस्टिमने तेवढं कूलंट आत ओढून हवेची जागा भरली. बाटली पुन्हा खुणेवर आणा. रेडिएटर खाली उतरलेला आणि बाटली मात्र भरलेली असेल, तर परत ओढण्याची वाट बिघडलेली आहे: झाकणाचा छोटा व्हॉल्व्ह, बारीक नळीला चीर, किंवा नळीचं टोक बाटलीत कूलंटच्या वर. शेवटच्या प्रकारात ती कूलंटऐवजी हवाच ओढते.

दोन-तीन वेळा तापून गार होईपर्यंत पातळी थोडी थोडी उतरते, एकूण शंभर-दोनशे मिलिपर्यंत. त्यानंतरही उतरत राहिली तर ती हवा नव्हे, गळती आहे. आधी सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं चालवा, मग घाटाचा विचार करा. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोर लावतं आणि समोरून वारा कमी मिळतो. खंबाटकी किंवा कसारा चढताना तापमान स्थिर राहिलं तर काम झालं. बरोबर लिटरभर मिश्रण ठेवा.

तरीही तापत असेल तर

डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाज, किंवा रेस केल्यावर हीटर गरम आणि आयडलला गार, म्हणजे हीटरमध्ये हवा राहिली आहे. फायरवॉलजवळचा हीटरचा वरचा होस, इंजिन गार असताना, क्लिप सैल करून थोडा सरकवा. हवा सूं करून निघते आणि मागून कूलंट येतं. तेवढ्यात परत बसवा. हीटरचे दोन्ही होस तापलेत आणि तरी हवा गार येत असेल, तर दोष आतल्या झडपेचा आहे.

बुडबुडे अर्ध्या तासानंतरही एकसारखे, तालात येत असतील, गार इंजिन सुरू केल्यापासून पाच मिनिटांत वरचा होस दगडासारखा टणक होत असेल, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतोय. इथे हवा काढत बसू नका. गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची ब्लॉक टेस्ट मिळते. रेडिएटरच्या गळ्यातली हवा त्या द्रवातून ओढली आणि तो पिवळा पडला, तर हेड गॅस्केटकडे जा.

काही सल्ले ऐकायचे नाहीत. ‘आपल्याकडे गरमी आहे, थर्मोस्टॅट काढूनच टाका’ हा त्यातला पहिला. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं तोंड बंद करतो. तो काढला की कूलंट सोप्या वाटेने, रेडिएटरला वळसा घालून फिरतं आणि भर ट्रॅफिकमध्ये गाडी उलट जास्त तापते. थंडीत तीच गाडी कधी नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त खाते. फॅन डायरेक्ट करणं (सेन्सर वगळून थेट चालू ठेवणं) हे घरी पोचण्यापुरतं ठीक आहे, कायमचं नव्हे, कारण त्याने सेन्सरमधला बिघाड झाकला जातो. आणि बारीक गळतीवर हळद टाकण्याचा जुना तोडगा हायवेवर वेळ मारून नेतो हे खरं, पण नव्या रेडिएटरमध्ये हळद किंवा लीक-स्टॉप पावडर घालू नका. ती भोक बुजवते तशीच हीटरच्या नळ्या आणि थर्मोस्टॅटच्या पिनेचं भोकही बुजवते, आणि पुढच्या वेळी हवा निघायला वाट राहत नाही.